डोळे निळे करणारा लेसर आणि चष्मा घालवणारा लेसर

‘प्रत्येक तपकिरी डोळ्यामागे निळा डोळा लपलेला असतो. ज्या लेसरनं चष्मा जातो, त्याच लेसरनं अर्ध्या मिनिटात डोळे कायमचे निळे होतात. दुखत नाही, धोका नाही. घाऱ्या-निळ्या डोळ्यांची नजरही तेज असते. आणि लेसर एकदा करून घेतला की चाळशीसुद्धा लागत नाही.’ अशा आशयाचे मजकूर आणि रील्स सतत फिरत असतात. त्यातलं पहिलं वाक्य जवळजवळ खरं आहे, म्हणून पुढची सगळी वाक्यंही खरी वाटू लागतात.

निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. बुबुळाच्या रंगीत भागाला, म्हणजे परितारिकेला, रंग देतं ते मेलॅनिन, आणि ते तपकिरी असतं. पुढच्या थरात ते भरपूर असेल तर डोळा तपकिरी किंवा काळा दिसतो. अगदी कमी असेल तर आत शिरणारा प्रकाश विखुरतो, त्यातला निळा जास्त प्रमाणात परत फिरतो आणि डोळा निळा दिसतो. कोकणात अनेक घरांत दिसणारे घारे डोळे या दोहोंच्या मधले. तेव्हा पुढच्या थरातलं मेलॅनिन काढलं तर डोळा निळसर दिसेल, इथपर्यंत बरोबर आहे. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रोमा मेडिकल या कंपनीनं २०११च्या सुमाराला हीच कल्पना जगापुढे मांडली होती.

पण ‘त्याच लेसरनं’? इथं जरा थांबायला हवं, कारण सगळी फसगत या एका शब्दात आहे.

चष्मा घालवायला वापरतात तो एक्सायमर लेसर. १९८१ साली न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर चालवून पाहिला. कडा न जळता ऊती नेमकी कापली गेली. दोन वर्षांनी स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञानं त्यांच्याबरोबर तो कॉर्नियावर वापरता येईल हे दाखवलं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. लेसिक या चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पातळ पापुद्रा उचलून खालची ऊती काही मायक्रॉन उडवतात. उडवलेला अंश बाहेर हवेत जातो आणि डोळ्याच्या आतल्या कप्प्यात काही शिरत नाही. परितारिकेला तर हात लागतच नाही. म्हणून लेसिकनं डोळ्याचा रंग बदलत नाही, आणि रंग बदलणाऱ्या लेसरनं चष्म्याचा नंबर कमी होत नाही.

रंग घालवणारा लेसर कॉर्नियातून आरपार जाऊन परितारिकेवर पडतो. तिथं फुटलेलं मेलॅनिन जाणार कुठे? शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते हळूहळू उचलून नेतात, असं समर्थक सांगतात. काही कण नेतीलही. पण डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक द्रव तयार होत असतो आणि कॉर्निया व परितारिका यांच्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडत असतो. मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबावं तसे हे कण त्या जाळीत अडकू शकतात. मग डोळ्याचा दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, आणि हाच काचबिंदू. काही लोकांच्या परितारिकेतून असे कण आपोआप सुटतात आणि त्यांना काचबिंदू होतो, हे नेत्रतज्ज्ञांना फार आधीपासून ठाऊक आहे. सुकलेली नस पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजही नाही. शिवाय परितारिकेला सूज येण्याची भीती आहेच. ‘धोका नाही’ हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं यातलं काही सांगितलेलं नाही, याचा मला खरोखर राग येतो.

काही रील्समध्ये दिसतो तो प्रकार वेगळाच असतो: लेसरनं कॉर्नियात पोकळी करून तिथं रंग भरतात, म्हणजे डोळ्यावरचं गोंदणच. डाग पडून पांढऱ्या झालेल्या, नजर गेलेल्या डोळ्यांसाठी हे तंत्र उपयोगी आहे. निरोगी डोळ्यावर केवळ हौसेखातर ते करू नका, असा इशारा अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनं जानेवारी २०२४मध्ये दिला. जंतुसंसर्ग, कॉर्निया गढूळ होणं, उजेड सहन न होणं, रंग पसरणं किंवा फिका पडणं, अशी कारणं त्यामागे आहेत. डोळ्यात बसवायच्या रंगीत कृत्रिम परितारिकेबद्दलही याच संस्थेनं सावध केलं आहे. त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. निळे डोळे एखाद्या समारंभापुरते हवे असतील, तर डॉक्टरांकडून माप घेऊन बनवलेली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स आहे, आणि ती रात्री काढून ठेवता येते.

निळ्या डोळ्यांची नजर तेज असते, याला आधार नाही. नजर ठरते कॉर्निया, भिंग, दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा पडदा) आणि मेंदू यांच्यावर. उलट फिक्या डोळ्यांना ऊन जास्त खुपतं.

राहिली चाळशी. ती लागते कारण चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं पाहताना फुगत नाही. लेसिक होतं कॉर्नियावर. भिंगाचं वय त्यानं थांबत नाही. पंचविशीत लेसिक केलेल्यांनाही पुढे वाचायला चष्मा लागू शकतो. वजा नंबर मोठा असेल तर डोळ्याची लांबीही मुळात जास्त असते, आणि चष्मा गेला तरी ती तेवढीच राहते. म्हणजे दृष्टिपटल सुटण्याचा धोका तसाच. अचानक खूप काळे ठिपके किंवा प्रकाशाच्या रेघा दिसल्या, तर ‘आपलं तर लेसर झालंय’ म्हणून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

लेसिक मात्र चांगली शस्त्रक्रिया आहे, हेही सांगायला हवं. वय अठराच्या पुढे, नंबर वर्षभर स्थिर, कॉर्निया पुरेसा जाड आणि आकारानं निरोगी, डोळे फार कोरडे नाहीत, एवढं तपासून केली तर. कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल तर चांगला डॉक्टर स्वतःच नकार देतो. आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबर व कॉर्नियाची मापं यांचे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना तेच मागितले जातात.