खुलासा: टोरिक लेन्स चष्म्याच्या नंबरावरून ठरत नाही
‘चष्म्यात सिलिंडर नंबर असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात टोरिक लेन्सच घ्यावी लागते,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सिलिंडर नंबर म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेच्या दोषाचा नंबर; टोरिक लेन्स म्हणजे तो दोष सुधारणारी, डोळ्यात बसवायची कृत्रिम लेन्स. चष्म्याच्या नंबरात कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि नैसर्गिक भिंग या दोन्हींचा दोष मिसळलेला असतो. ऑपरेशनात भिंग निघून जाते. उरतो तो कॉर्नियाचा दोष. म्हणून केरॅटोमेट्री किंवा टोपोग्राफीने कॉर्नियाची वक्रता आणि अक्ष (दोषाची दिशा) मोजतात. कृपया या तपासणीशिवाय लेन्स ठरवू नका. उलटही घडते: चष्म्यात सिलिंडर नसतो, पण कॉर्नियात दोष निघतो. डोळे कोरडे असतील किंवा कॉन्टॅक्ट लेन्स नुकतीच काढली असेल, तर मोजमाप फसू शकते. अक्षाला फार जपावे लागते. टोरिक लेन्स १ अंश फिरली तरी सुमारे ३ टक्के परिणाम घटतो, ३० अंशांवर जवळजवळ काहीच उरत नाही.