नाव यादीत होतं का?

अमेरिकेत रुग्णवाहिकेवरचा स्वयंसेवक ड्यूटीवर मरण पावला, की अंत्यविधीच्या वेळी कंट्रोल रूम वायरलेसवर त्याला पुकारते. उत्तर येत नाही. पुन्हा पुकारतात. मग त्याची सेवा संपल्याचं जाहीर होतं. राष्ट्रीय स्मृतिसमारंभात घरच्यांना पदक, संसद भवनावर फडकलेला ध्वज आणि पांढरा गुलाब देतात. हे व्हिडिओ गावाकडच्या ग्रुपांवर 'बघा, तिकडे किती मान' म्हणून फिरतात. मान आहेच, पण घर त्यावर चालत नाही. ते कशावर चालतं, हे व्हिडिओत दिसत नाही.

1976च्या केंद्रीय कायद्याने ड्यूटीवर मेलेल्या पोलीस आणि अग्निशमन जवानांच्या वारसांना 50,000 डॉलर ठरवले. 1986 मध्ये रुग्णवाहिकेवरची माणसं त्यात आली आणि 2001 मध्ये रक्कम अडीच लाख झाली. आता ती महागाईप्रमाणे वाढते. पगारी की बिनपगारी, याने हक्कात फरक पडत नाही. पथक कोणाचं, याने मात्र पडायचा. 2009 मध्ये व्हर्मांटमधल्या बेनिंग्टन रेस्क्यू स्क्वॉडचा डेल लाँग रुग्णवाहिकेच्या अपघातात गेला. काम तेच, पण पथक सरकारी नाही, ना-नफा संस्थेचं; म्हणून तो व्याख्येबाहेर. जानेवारी 2013 मध्ये त्याच्याच नावाने दुरुस्ती झाली आणि ती जून 2009 पासून लागू केली. म्हणजे इथेही आधी माणूस गेला, मग व्याख्या रुंदावली. आदर्श वगैरे काही नाही.

दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. पथकाचा अहवाल वेगळा, वारसांचा अर्ज वेगळा, सोबत मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदन, विषतपासणीचे कागद. दारू किंवा घोर निष्काळजीपणा निघाला तर दावा बाद. पती किंवा पत्नी आणि मुलं असतील तर रक्कम निम्मी-निम्मी. मुख्य अडचण मात्र अधिकृततेची: तो पथकाच्या यादीवर होता का, कॉल कोणी दिला, किती वाजता?

न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स पथकाचा रिचर्ड पर्लमन, वय 18, नोकरीच्या कामाने मॅनहॅटनमध्ये असताना 11 सप्टेंबर 2001 ला मनोऱ्यांकडे धावला आणि तिथेच गेला. अशा धावण्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांना 31 मार्च 2020 ला महापालिकेची नोटीस आली: दवाखाना उघडा ठेवा. जूनमध्ये ते कोविडने गेले. कोविडशी लढणाऱ्या आरोग्यसेवकांसाठीच्या केंद्र सरकारच्या 50 लाखांच्या विम्याचा दावा फेटाळला, कारण त्यांची सेवा शासनाने 'अधिग्रहित' केली, म्हणजे सरकारी कामासाठी मागून घेतली, नव्हती. मुंबई उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये तेच म्हटलं. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत डिसेंबर 2025 उजाडला.

आणि असा माणूस गेला की आपण वाद घालतो तो त्याला 'शहीद' म्हणायचं की नाही, यावर. गोविंदांसाठी 2022 मध्ये शासनाने 10 लाखांची तरतूद जाहीर केली, ती चांगलीच. पण लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी बचाव संघांतली मुलं अडकलेल्यांना काढायला रात्री दरीत उतरतात तेव्हा त्यांना कोण पाठवतं? बोलावतात पोलीस, कधी तहसीलदार, तेही फोनवर. नुकसानभरपाईचा कामगार कायदा आधी मालक-नोकर नातं शोधतो. इथे मालकच नाही. अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेलं असतं, म्हणून 'आमचा विमा आहे' म्हणणाऱ्याने आधी अपवादांचं पान वाचावं.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. तोवर प्रत्येक कॉलला पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत बोलावणाऱ्याचं नाव, वेळ, ठिकाण आणि उतरणाऱ्यांची पूर्ण नावं लिहून घ्यावीत. 'संघाचे सात जण' एवढं पुरत नाही. तेच मेसेजनेही पाठवावं आणि 'मिळालं' असं उत्तर मागावं. दरीत रेंज नसते, त्यामुळे हे दोर गाडीतून काढण्याआधी झालेलं बरं.