राणीच्या दातांतला पेला

रविवारी कट्ट्यावर नित्यानं मोबाइलवर पेकिंग ऑपेरातला, म्हणजे चिनी संगीत नाटकातला, एक प्रवेश लावला. भेटीला येतो म्हणालेला सम्राट ऐनवेळी दुसऱ्या राणीकडे जातो आणि त्याची लाडकी राणी यांग गुइफेई एकटीच दारू पीत बसते. पेला दातांत धरून ती कमरेतून मागे झुकत जाते, हात न लावता. आमचे चहा गार झाले.

"ही बाई नाही. बाईची भूमिका करणारा नट मेइ लानफांग आहे, १९५५ चं चित्रण. साठीचा माणूस!" नित्या म्हणाला.

"त्यांचा बालगंधर्वच की," शिरीष म्हणाला.

वैशाली उसळली. "अरे, १७७२ साली बादशहानं बीजिंगच्या रंगमंचावर बायकांना बंदी केली. मग बाईनं कसं चालायचं तेही पुरुषांनीच ठरवलं. लहानपणापासून पावलं घट्ट बांधून ठेवलेल्या बायकांची चाल दिसावी म्हणून पायाला लाकडी खोटी पावलं बांधायचे! ज्यानं बायका पांगळ्या झाल्या, त्याची नजाकत केली."

"पण मेइनं या प्रवेशातला चावटपणा काढून तिचं दुःख पुढे आणलं, ते?" नित्या म्हणाला.

"आणि तिथल्याच नाटकांतली सेनापती मू ग्वेइयिंग?" शिरीषनं जोर धरला. "पाठीवर चार निशाणं खोवून लढते. नवऱ्यालाच आधी रणात हरवते! दुसऱ्या एका नाटकातली तोउ अ तर वधाच्या वेळी सांगते, मी निर्दोष असेन तर भर उन्हाळ्यात बर्फ पडेल. आणि पडतो!"

"लढते ती सासरच्या घराण्यासाठी. आणि तोउ अ सासूला छळातून वाचवायला खोटा गुन्हा कबूल करते. तिचं खरेपण पटायला तिला मरावं लागलं रे!"

इथे मला राहवलं नाही. शांघायच्या युए ऑपेराकडे, म्हणजे दुसऱ्या एका चिनी संगीत नाटकाकडे, बघा म्हटलं. तिथे मुलींच्याच मंडळ्या होत्या, नायकही मुलगीच व्हायची. त्यांच्यातल्या युआन श्वेफेननं १९४२ पासून या नाटकाची घडीच बदलायला घेतली आणि १९४६ साली चिनी लेखक लू शुनच्या कथेवरून शियांगलिनची बायको उभी केली. ही ना राणी, ना सेनापती. दोनदा विधवा झालेली मोलकरीण. सणाच्या नैवेद्याला तिला हात लावू देत नाहीत, अपशकुनी म्हणून.

वैशाली गप्प झाली. तिची आजी हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मेइ थोर होता, यात मला शंका नाही. पण नैवेद्याच्या ताटापासून मागे घेतलेला तो हात रंगमंचावर आला, तो बायकांनी मंडळी हातात घेतल्यावर.

"तरी ती लाकडी पावलं मी माफ करणार नाही," वैशाली म्हणाली. नित्या युआन श्वेफेनचं चित्रण शोधायला लागला होता.