‘आपोआप’ हा शब्द खटकला

ख्रिस्ती जीवनावरच्या या लेखात म्हटलंय, ख्रिस्तातली खरी ओळख जागी झाली की जुना स्वभाव आपोआप गळून पडतो. हे ‘आपोआप’ कुठून आलं? बायबलमध्ये प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात (इफिसकर 4:22-24) सांगतो, जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा. कपड्यांची भाषा आहे ती, आणि ऐकणारे आधीच विश्वासात आलेले. तरी पुढच्याच ओळींत त्यांना खोटं बोलू नका, चोरी करू नका असं बजावावं लागतंय!

माझा बाप्तिस्मा होऊन 19 वर्षं झाली. मागच्या रविवारी उपासनेहून निघालो, बायबल काखेत, आणि बडोद्यातल्या फतेगंजच्या नाक्यावर रिक्षावाल्याशी 10 रुपयांवरून असा भांडलो की बायको तोंड फिरवून उभी राहिली. अर्ध्या वाटेत लाज वाटली. उतरताना 20 जास्त दिले, तर तो म्हणतो, ‘काका, तडकामां मगज तपी जाय’ (उन्हात डोकं तापतंच). पूर्वी ही लाज वाटायला दोन दिवस लागायचे, कधी वाटायचीही नाही. जागं होणं म्हणाल तर माझ्यापुरतं एवढंच झालंय. बाकी लेखातला ‘नोकरासारखं नव्हे, लेकरासारखं जगणं’ हा भाग झकास उतरलाय. तिथे पौलाच्याच दुसऱ्या पत्रातल्या गलतीकर 4:7 चा (तू आता दास नाहीस, पुत्र आहेस) उल्लेख मात्र हवा होता.