जपानी घेऊ का, मावशी?

मागच्या महिन्यात एका रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. भाची इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, कॉम्प्युटर. ताटं वाढायच्या आधीच तिने गाठलं, मावशी, मी जपानी घेऊ का? आतून भावजींचा आवाज, जर्मन कर, स्कोप आहे! आमच्याकडे स्कोप बघितल्याशिवाय कोणी वाटाणे पण सोलत नाही.

तिथे नीट उत्तर देता आलं नाही, आमटी गार होत होती. आणि हाच प्रश्न वर्षभरात इनबॉक्समध्ये पण बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून इथे लिहिते.

आधी गोड भाग. मराठी माणसाला जपानी सोपं जातं, हे खरंय. वाक्याची रचना आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. शब्दाला ला, ची, हून लावतो तसंच त्यांचं नि, नो, कारा. पण मी खरी गार पडले ती वेगळ्याच ठिकाणी. ताबेरु म्हणजे खाणे, मिरु म्हणजे बघणे, आणि ताबेते मिरु म्हणजे? खाऊन बघणे. अक्षरशः! ओकु म्हणजे ठेवणे, तर शिते ओकु म्हणजे करून ठेवणे. ताबेते शिमात्ता, खाऊन टाकलं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची घालतात आणि आपल्याला ते आईच्या पोटातून येतं. वाक्याच्या शेवटचा त्यांचा ने म्हणजे तर सरळ आपला ना.

आणि त्यांची मुळाक्षरं बघा. आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा क्रम वाटतो ना? वाटणारच, बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपीतून जे संस्कृत वर्णांचं शास्त्र तिकडे नेलं त्यावरून लागलेला क्रम आहे तो. ह हे अक्षर आपल्याकडे जवळजवळ शेवटी, मग त्यांच्यात म च्या आधी कसा? तर त्या हा चा उच्चार जुन्या जपानीत पा सारखा होता, म्हणून तो प च्या जागेवर बसलाय. हे कळलं त्या दिवशी मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या जपानीच्या वर्गातून बाहेर पडून फर्ग्युसन रोडवर एकटीच हसत चालले होते.

आता कडू भाग, म्हणजे कांजी, चिनी लिपीतून घेतलेली त्यांची चिन्हं. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 आहेत. आकड्याला घाबरू नका, उच्चारांना घाबरा. जगणं-जन्म या अर्थाची एकच कांजी, ती विद्यार्थी या शब्दात सेइ होते, वाढदिवसात जो होते, जन्मणे म्हणताना उ होते, आणि बिअरच्या आधी आली की नामा. लिहायची मात्र तीच पाच रेघांची. मी हिशोबाच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या बाजूला रोज दहा घोटायचे आणि चार दिवस सुट्टी घेतली की त्यातल्या सहा गायब.

इथेच बहुतेक जण गळतात. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पायऱ्या एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत, आकडा जितका लहान तितकी अवघड. एन-फाइव्ह मजेत होते, एन-फोर रेटून होते, आणि मग कॉलेजच्या सबमिशन्स येतात. मीही थर्ड इयरला सोडलं होतं, दीड वर्ष. परत बसले तेव्हा एन-फोरचं पुस्तक अनोळखी माणसासारखं बघत होतं माझ्याकडे.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर खाली भांडा: एन-फोरवर थांबायचं असेल तर हौस म्हणून करा, हौसेला मी नाव ठेवणार नाही, अ‍ॅनिमे सबटायटलशिवाय थोडंफार कळायला लागणं हा पण आनंदच आहे. पण नोकरीसाठी करताय तर एन-टू पर्यंत जायची तयारी ठेवा, म्हणजे कॉलेज सांभाळून चार-पाच वर्षं. मधल्या पायरीवर उभं राहून काय होतं ते मी भोगलंय. एन-थ्री पास, 180 पैकी 104, पासिंग 95 ला, पेढे वाटले घरी. त्या जोरावर पहिली नोकरी लागली. तिसऱ्या दिवशी फोन वाजला, उचलला, समोरून इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु, म्हणजे त्यांचा ऑफिसातला नमस्कार, आणि त्यापुढे जो आदरार्थी भाषेचा लोंढा आला त्यातलं मला फक्त ने समजलं. शोऊ शोऊ ओमाची कुदासाइ म्हटलं, जरा थांबा, आणि रिसिव्हर छातीशी धरून साहेबांना शोधत अख्खा फ्लोअर फिरले. होल्डचं बटण असतं हे पण सुचलं नाही. त्या परीक्षेत बोलायचं काही नसतंच हो, सगळं पर्यायातून निवडून गोल काळे करायचे. सर्टिफिकेट खरं असतं, तोंड मात्र उघडत नाही.

येनच्या पगारावर भुलणाऱ्यांसाठी एवढंच, 2012 ला शंभर येनचे पासष्टच्या वर रुपये व्हायचे, 2024 च्या जूनअखेर बावन्न. बाकी गणित आपलं आपण करा.

पूर्ण डिग्रीच जपानीत करू का, असंही विचारतात. भाषेवरच प्रेम असेल, शिकवायचं असेल, भाषांतर करायचं असेल तर जरूर. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात बीए-एमए आहे, आणि जपानीत डिग्री करणाऱ्यांना जपान सरकारची तिथे जाऊन वर्षभर शिकायची स्कॉलरशिप असते, तिचा विचार पहिल्या वर्षापासून करा, शेवटच्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. पण कॉम्प्युटर, मेकॅनिकल, अकाउंट्स असलं काही हातात असेल तर ते सोडून नका येऊ. क्लायंटला नुसतं जपानी बोलणारा नको असतो, त्याचा प्रॉब्लेम समजून जपानीत सांगणारा हवा असतो. पुण्यात जपानी येणारे ढिगाने आहेत, दोन्ही येणारे नाहीत.

तर भाचीला काय सांगितलं? म्हटलं सहा महिने शिकून बघ, शितेपुढे मिरु लावून, म्हणजे करून बघ. फी तू तुझ्या पॉकेटमनीतून अर्धी भर, अर्धी मी. त्या सहा महिन्यांत कांजीची वही स्वतःहून उघडाविशी वाटली तर पुढे जा, मला सांगावं लागत असेल तर बाबांचं जर्मन आहेच. (जर्मनवाल्यांनो, चिडू नका, तुमच्या डेर-डी-डास या तीन लिंगांचे हाल माहितीयेत मला.)

वर्ग सुरू होऊन दहा दिवस झाले. काल तिला समजावलं की ओबासान म्हणजे मावशी-काकू, पण मधला आ लांबवला की ओबाआसान, आजी, तेव्हा जपून. आज सकाळी व्हॉइस नोट आली. ओहायो गोझाइमासु, ओबाआआसान! तीन वेळा ऐकली. चुकून लांबवलेला नाहीये तो आ.