यंत्रं नेटवर्कला जोडली म्हणून रिपोर्ट बिनचूक होतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा थोडक्यात असा: लॅबमधली यंत्रं आता नेटवर्कला जोडलेली असतात, माणसाचा हात लागत नाही, यंत्रं स्वतःच स्वतःला तपासतात, माहिती सुरक्षित राहते, त्यामुळे रिपोर्ट चुकूच शकत नाही.

यातलं खरं आहे ते आधी मान्य करू. यंत्रावरचा आकडा वाचून हाताने उतरवताना 1.5 चे 15 व्हायचे. बारकोड आणि लॅबचं सॉफ्टवेअर आल्यावर ही चूक खूपच कमी झाली.

पण ‘माणसाचा हात लागत नाही’ हे साफ खोटं. पेशंट तोच आहे ना हे विचारणं, रक्त काढणं, योग्य नळीत भरणं, बारकोड चिकटवणं हे सगळं माणूसच करतो, आणि चुकतं ते बहुतेक इथेच. इटलीतल्या पादुआच्या तातडीच्या तपासण्या करणाऱ्या लॅबने आपल्या चुकांचा हिशेब 1997 साली मांडला, तेव्हा सुमारे 68 टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच्या निघाल्या. 2007 साली पुन्हा पाहिलं, तर सुमारे 62 टक्के.

नळीवर दुसऱ्याच पेशंटचा बारकोड लागला, तर जोडलेली यंत्रणा तो चुकीचा रिपोर्ट चुकीच्या माणसाला काही क्षणांत पोचवते. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) थोडं जरी दुसऱ्या नळीत गेलं, तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. रक्तातलं सीरम (पेशी सोडून उरणारा द्रव) वेगळं न करता रक्त तसंच राहिलं, तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के घट होते. पेशी फुटलेल्या असतील तर सीरमच्या लालसरपणावरून नवी यंत्रं ते ओळखतात. घटलेली साखर मात्र कुठल्याच रंगात दिसत नाही. नळीत जे उरलंय ते यंत्र अचूक मोजतं आणि पुढे पाठवतं.

‘यंत्र स्वतःला तपासतं’ हे अर्धसत्य. कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावायचा, त्याचे रोजचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज नावाच्या आलेखावर बघायचे, आकडा कधी संशयास्पद धरायचा हे ठरवणारे वेस्टगार्डचे नियम लावायचे, ही पद्धत 1981 पासून रुळलेली आहे. सॉफ्टवेअर लाल खूण दाखवेल. पण दोष रिएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा), कॅलिब्रेशनचा (यंत्राचं माप जुळवण्याचा) की कंट्रोलच्या बाटलीचाच, हे तंत्रज्ञालाच शोधावं लागतं. कंट्रोल ‘आत’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावण्याची वाईट खोड कुठलंही नेटवर्क मोडत नाही. काहींच्या रक्तातल्या प्लेटलेट्स ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि काउंट उगाच कमी येतो. यंत्र फार तर शंका दाखवतं. निकाल काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर (स्मिअर) सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच लागतो. आणि पेशंट केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतोय, हे यंत्राला कोण सांगणार? बायोटिनमुळे हार्ट अटॅकच्या निदानासाठीची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्येच दिला होता.

रिएजंट ठेवायच्या फ्रिजमधला नेटवर्कला जोडलेला सेन्सर मात्र खरोखर कामाचा. 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या बाहेर तापमान गेलं की तो रात्रीही सूचना देतो. फक्त ती सूचना नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवर जात नाही ना, एवढं बघावं.

राहिला ‘माहिती सुरक्षित’चा मुद्दा. 3 जून 2024 रोजी लंडनमधल्या मोठ्या रुग्णालयांच्या तपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. हजारो अपॉइंटमेंट पुढे गेल्या. रक्तगट जुळवणं इतकं मंदावलं की ओ गटाच्या दात्यांना खास आवाहन करावं लागलं. पेशंटची माहिती चोरून उघड करण्यात आली. एका रुग्णाच्या मृत्यूला कारणीभूत गोष्टींमध्ये रक्ततपासणीचा उशीरही होता, असं पुढे रुग्णालयाच्या ट्रस्टने सांगितलं.

शिवाय नमुने तपासणारा महागडा अ‍ॅनालायझर वर्षानुवर्षं वापरतात; त्याच्या संगणकातली विंडोज मात्र आधीच कालबाह्य होते. विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट्स जानेवारी 2020 मध्ये बंद झाले. उत्पादकाला विचारल्याशिवाय अशा संगणकाला हात लावता येत नाही. म्हणून ही यंत्रं इतर कार्यालयीन संगणकांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावी लागतात, आणि जोडणी तुटल्यावर तातडीचे रिपोर्ट कागदावर कसे द्यायचे याची तालीमही आधीच करून ठेवावी लागते.