मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं नव्हेत

"मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं" हा मेसेज सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हिशेब चुकीचा आहे. पहिल्याच वर्षात मांजर माणसाच्या साधारण १५ वर्षांएवढं होतं, दुसऱ्या वर्षाअखेर २४. पुढे दरवर्षी चारेकाची भर.

नुसत्या आकारावरूनही वय ठरवू नका, दात बघा. पंचवटीत आमच्या जिन्याखाली सापडलेल्या पिल्लाला सगळे "दोन महिन्यांचं" म्हणत होते. ओठ हळूच वर केला, तर पुढचे दात पक्के आलेले आणि दुधाच्या सुळ्याला खेटून नवा सुळा डोकावत होता. म्हणजे पाचेक महिन्यांचं, उपासमारीनं खुरटलेलं! हे कळणं गरजेचं होतं, कारण भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांतही गाभण राहू शकते. मोठ्या मांजराचं वय मात्र दातांवरून अंदाजानंच सांगता येतं.